पाचशे डॉलरमध्ये पहिली सेमी-ऑटो रायफल: रूगर १०/२२ घ्यावी की तिच्याहून स्वस्त?

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाई असलेल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. अमेरिकेत राहत असाल, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व हातात असेल आणि सगळं मिळून पाचशे डॉलरच्या आत बसवायचं असेल, तर रूगर १०/२२ ची सगळ्यात साधी कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची आवृत्ती, घ्या. ती छोट्या .२२ काडतुसाची सेमी-ऑटो आहे: चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते. लाकडी दस्त्याची हवी असेल तर मॉडेल ११०३, काळ्या सिंथेटिक दस्त्याची हवी असेल तर ११५१. दोन तुकडे होणारी टेकडाउन नको, जाड नळीची टार्गेट नको, रंगीत दस्त्याची दुकानदाराची 'एक्स्क्लुझिव्ह' तर नकोच. उरलेले पैसे गोळ्यांत घाला. रायफलीवर दोनशेच्या वर एक डॉलरही जाणार नसेल तर रॉसी आरएस२२ चालेल, तिच्या मर्यादा पुढे लिहिल्या आहेत. एआर-१५ चा, म्हणजे ५.५६ काडतुसाच्या सैनिकी धाटणीच्या सेमी-ऑटोचा, विचार या बजेटमध्ये करू नका. रायफल येईल, पण चालवायला गोळ्या परवडणार नाहीत.

आता कागदपत्रं. रायफल कितीही चांगली असली तरी इथे चुकलात तर गाठ थेट फेडरल कायद्याशी आहे.

एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ यांपैकी कोणत्याही व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने रायफल आणि गोळ्या जवळ बाळगायलाच बंदी आहे. फक्त विकत घेण्यापुरती ती बंदी नाही, मित्राबरोबर रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणंही त्यात येतं. मुख्य अपवाद आहे तो अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या चालू हंटिंग लायसन्सचा. बहुतेक राज्यांत त्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, आणि तसाही तो नवशिक्याने करावा असाच असतो. लायसन्स संपलं की अपवादही संपतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. बरेचदा घरात एकाचं ग्रीन कार्ड झालेलं असतं आणि दुसरी व्यक्ती अजून व्हिसावर असते. अशा वेळी रायफल कुलपात ठेवा आणि किल्ली ग्रीन कार्डवाल्याकडेच असू द्या. व्हिसावरच्या मित्राने पैसे द्यायचे आणि तुम्ही स्वतःच्या नावावर रायफल घेऊन त्याला द्यायची, हा सरळसरळ गुन्हा आहे, 'आपल्यातल्या आपल्यात' म्हणून तो कमी होत नाही.

नवी रायफल परवानाधारक दुकानातूनच घेता येते. ऑनलाइन मागवली तरी रायफल दुकानात येते आणि दुकानदार हस्तांतराचे २५ ते ५० डॉलर घेतो. फॉर्म ४४७३ भरायचा, सध्याच्या पत्त्याचं फोटो ओळखपत्र दाखवायचं, मग पार्श्वभूमीची तपासणी. फॉर्मवर नाव पूर्ण लिहावं लागतं. आपल्या मधल्या नावात वडील किंवा नवरा असतो आणि ते ड्रायव्हिंग लायसन्सवर एक, ग्रीन कार्डवर दुसरं, असा घोळ पुष्कळांचा असतो. आद्याक्षर टाकून भागवू नका, पूर्ण मधलं नाव लिहा, आणि शक्य असेल तर आधी लायसन्स दुरुस्त करून घ्या. नावांचा मेळ बसला नाही की तपासणी 'डिलेड' होऊन रखडायला निमित्त मिळतं.

फेडरल नियमाने दुकानातून रायफल घ्यायला १८ वर्षं पुरतात, पण राज्यांचे नियम वेगळे आहेत. न्यू जर्सीत आधी स्थानिक पोलिसांकडून बोटांचे ठसे देऊन फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड काढावं लागतं आणि मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा काढता डबा, दहा गोळ्यांपर्यंतच चालतं. कॅलिफोर्नियात सेफ्टी सर्टिफिकेट आणि दहा दिवसांची थांबणूक आहे, मॅगझिनची मर्यादा तीच. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र, लागतं. न्यूयॉर्कमध्ये सेमी-ऑटो रायफल घेण्यासाठी २०२२ पासून वेगळं लायसन्स आणि २१ वर्षं वय लागतं. शिवाय तिथे .२२ रिमफायरलाही (बुडाच्या कडेवर पिन आदळून सुटणाऱ्या या काडतुसाच्या रायफलींनाही) 'असॉल्ट वेपन'चा कायदा लागू आहे, त्यामुळे नळीच्या तोंडाला आटे पाडलेली १०/२२ तिथे घेता येत नाही, साध्या तोंडाचीच घ्यावी लागते. वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे रेडमंड-बेलव्ह्यूकडच्या मंडळींसाठी, साधी .२२ सेमी-ऑटोसुद्धा खरेदीपुरती 'सेमी-ऑटोमॅटिक असॉल्ट रायफल'च्या व्याख्येत बसते. २१ वर्षं वय, प्रशिक्षणाचा पुरावा आणि थांबणूक हे सगळं तिथे आलं. टेक्सासमध्ये यातलं जवळपास काहीच नाही. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून दुकानात फोन करून त्या आठवड्याची स्थिती विचारल्याशिवाय ऑनलाइन पैसे भरू नका.

.२२ च का, हा प्रश्न दुकानातला विक्रेताही विचारेल, कारण त्याला एआर विकायची असते. हिशेब मांडून बघा. .२२ लाँग रायफलची ढोबळ पॅकमधली गोळी सहा ते बारा सेंटला पडते. एआरची ५.५६ ची गोळी साधारण अर्ध्या डॉलरला. नीट शिकायचं तर पहिल्या वर्षात दोन हजार गोळ्या सहज लागतात. .२२ मध्ये तो खर्च दीड-दोनशे डॉलर, ५.५६ मध्ये हजार. शिवाय .२२ ला धक्का जवळजवळ नाही आणि आवाज कमी, त्यामुळे चाप ओढताना डोळे मिटण्याची, खांदा आखडण्याची सवय लागत नाही. ती एकदा लागली की मोडायला फार वेळ जातो. आणि हे काडतूस पोरखेळातलं नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) विश्वविजेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं, ते याच .२२ लाँग रायफल काडतुसावर. त्यांच्या रायफली मात्र वेगळ्या. प्रत्येक गोळी हाताने भरायच्या, बोल्ट-ॲक्शनच्या, आणि किमतीही आपल्या बजेटच्या कितीतरी पट. १०/२२ घेऊन तो खेळ खेळता येत नाही, हेही आधीच स्पष्ट असलेलं बरं.

आता प्रत्यक्ष रायफल.

रूगर १०/२२ बाजारात आली १९६४ मध्ये, आणि आतला आराखडा अजून बहुतांशी तोच आहे. साध्या कार्बाइनची नळी साडेअठरा इंचांची, वजन सुमारे पाच पौंड. रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा धरणारी मधली पेटी, ॲल्युमिनियमचा. नळी आटे पिळून बसवलेली नाही, व्ही आकाराचा ठोकळा आणि दोन स्क्रू यांनी आवळलेली आहे. म्हणून घरच्या घरी नळी बदलता येते, आणि म्हणूनच या रायफलीच्या सुट्या भागांचा एवढा मोठा बाजार उभा राहिला. यंत्रणा साध्या ब्लोबॅकची. बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याला, कुलूप नसतं, त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच तो पुढे टिकून असतो. गोळीच्या दाबाने टरफल मागे ढकललं जातं, त्याबरोबर बोल्ट मागे जातो, टरफल फेकतो, परत येताना पुढची गोळी आत नेतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की रायफलीचं चालणं गोळीच्या ताकदीवर अवलंबून आहे. कमजोर गोळी घातली की बोल्ट पुरता मागे जात नाही, आणि रायफल अडकली म्हणून लोक तिलाच दोष देतात.

खरे पैसे जातात ते मॅगझिनसाठी, आणि ते वाजवी आहेत. .२२ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, तिला रिम म्हणतात. सरळ रचलेल्या मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या मागे अडकली की गोळी पुढे सरकतच नाही. रूगरच्या बीएक्स-१ मॅगझिनमध्ये फिरणारं चक्र आहे, दहा खाचा आणि प्रत्येक गोळीला स्वतःची खाच, त्यामुळे रिम एकमेकींत गुंतण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय गोळी नळीकडे नेणाऱ्या कडा स्टीलच्या आहेत, स्वस्त मॅगझिनसारख्या वाकत नाहीत. मॅगझिन दस्त्याच्या आत सपाट बसतं, बाहेर काही लोंबत नाही. जादाचं एक साधारण वीस डॉलरला मिळतं. दुसऱ्या कंपन्यांची पंचवीस-तीस गोळ्यांची प्लॅस्टिकची मॅगझिन स्वस्त दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. १०/२२ अडकते अशी तक्रार आली की पहिला संशय त्यांच्यावर घ्यावा. राज्यात चालत असेल आणि मोठं हवंच असेल तर रूगरचंच बीएक्स-२५ घ्या.

बीएक्स-१ च्या तोंडावर एक स्क्रू दिसतो. तो उगाच खोलू नका. सैल केला की आतली स्प्रिंग उलगडते, आणि योग्य ताण देऊन परत बसवणं किचकट काम आहे. मॅगझिन खराब झालं तर फुंकून, कोरड्या ब्रशने साफ करा, तेल घालू नका. तेलावर बारूदाची काजळी चिकटून चक्र जड होतं.

आता तिच्यात काय खटकतं. शेवटची गोळी सुटली की बोल्ट मागे थांबत नाही, पुढे येऊन बंद होतो, आणि पुढच्या वेळी चाप ओढला की नुसता 'टक' आवाज. नवशिक्याला हे धोक्याचं आहे, कारण 'टक' दोन कारणांनी येतो. रायफल रिकामी असेल किंवा आतली गोळी फुसकी असेल. म्हणून आवाज आल्यावर रायफल रिकामी झाली असं धरून कधीच चालायचं नाही. तोंड निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, कारण गोळी उशिरा सुटू शकते. मग मॅगझिन काढायचं, बोल्ट ओढून कोठी, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटानेही तपासायची.

बोल्ट हाताने मागे अडकवून ठेवायची सोय आहे, पण ती कारखान्याने मुद्दाम छळायला दिल्यासारखी आहे. बोल्ट पूर्ण मागे धरायचा, त्याच वेळी ट्रिगर-गार्डच्या पुढची बारीक पट्टी दाबायची, आणि सोडताना बोल्ट पुन्हा जरासा मागे ओढून पट्टीचं दुसरं टोक दाबायचं. पहिला महिनाभर तिसरा हात हवा असं वाटत राहतं. ही पट्टी बदलून 'ऑटो बोल्ट रिलीज' बसवता येते, दहा-पंधरा डॉलरचा भाग आहे. या रायफलीवर पहिला जादा खर्च करायचाच असेल तर हा करा. ट्रिगर जड आहे, पाच-सहा पौंडांच्या आसपास, आणि सुटण्याआधी थोडा घसटत येतो. रूगरचा बीएक्स-ट्रिगर बसवला की तो निम्म्यावर येतो, पण त्याची किंमत हजार गोळ्यांच्या घरात जाते. पहिल्या वर्षी गोळ्याच घ्या. जड ट्रिगरवर हात बसला तर हलका पुढे सोपा जातो, उलटं होत नाही.

कारखान्यातून येणारे नेम, म्हणजे पुढचा सोनेरी मणी आणि मागची घडीची पट्टी, कामचलाऊ आहेत. चाळिशीच्या पुढच्या डोळ्यांना मागची पट्टी धूसर दिसते. तरीही पहिल्या पाचशे गोळ्या त्यावरच मारा, असा माझा आग्रह राहील. हात कुठे हलतोय हे त्यावर जितकं कळतं तितकं स्कोपमधून कळत नाही. स्कोपसाठी लागणारी पट्टी बहुतेक कार्बाइनच्या खोक्यात येतेच. स्कोप घेताना 'रिमफायर' लिहिलेला घ्या. त्याचा पॅरॅलॅक्स बहुधा ५० यार्डांना जुळवलेला असतो, मोठ्या रायफलींचा १०० ला. मोठ्या रायफलीचा स्वस्त स्कोप १०/२२ वर लावला तर डोळा जरा हलला की काटा निशाण्यावरून सरकलेला दिसतो आणि दोष नेमाला जातो.

स्कोप जुळवायला २५ यार्डांपासून सुरुवात करा. बहुतेक स्कोपची एक क्लिक पाव एमओए (एमओए हे कोनाचं माप) असते, म्हणजे १०० यार्डांवर साधारण पाव इंच, ५० वर त्याचा निम्मा भाग, २५ वर इंचाचा सोळावा भाग. २५ यार्डांवर गोळ्या दोन इंच खाली लागत असतील तर ३२ क्लिक वर. एका गोळीवर क्लिक फिरवू नका. पाच गोळ्यांचा पुंजका पाडा, त्याचा मध्य धरा, मग फिरवा. नंतर ५० यार्डांवर पक्कं करा. ५० ला जुळवलेली ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वेगवान गोळी १०० यार्डांवर सहा-सात इंच खाली जाते, हे डोक्यात असू द्या. साध्या कार्बाइनकडून ५० यार्डांवर स्वस्त गोळ्यांनी दीड-दोन इंचांचा पुंजका अपेक्षित ठेवा, मानवलेल्या गोळीने इंचाच्या आसपास. यापेक्षा खूप जास्त फैलाव दिसला तर आधी स्कोपचे स्क्रू, मग दस्त्याचा मुख्य स्क्रू, मग नळीभोवतीचा पट्टा तपासा. लाकडी दस्त्याच्या ११०३ मध्ये तो पट्टा नळीला आवळतो आणि दमट हवेत लाकूड फुगलं की नेम सरकतो. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडात राहत असाल तर सिंथेटिक ११५१ बरी, दिसायला कितीही कळाहीन असली तरी.

आता तिच्याहून स्वस्त.

रॉसी आरएस२२ ब्राझीलच्या सीबीसी कारखान्यात बनते. रूगरच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळते, वजनाला हलकी आहे आणि हिरव्या-लाल फायबरचे नेम असल्याने निशाणा रूगरपेक्षा चटकन दिसतो. हे तिचं खरं बलस्थान. कमतरता मॅगझिनमध्ये. सरळ रचलेलं, दहा गोळ्यांचं आहे. भरताना प्रत्येक गोळी नीट मागे सरकवून बसवली नाही तर रिम गुंततात. जादा मॅगझिन मिळतात, पण सुट्या भागांचा बाजार जवळजवळ नाही. ट्रिगर बदलायचा, दस्ता बदलायचा, असं काही मनात असेल तर पुढे दार बंद आहे. मॉसबर्ग ७०२ प्लिंकस्टर त्याच घराण्यातली. तिच्यात आणि रॉसीत जी त्या दिवशी स्वस्त असेल ती घ्या.

सॅव्हेज ६४ कॅनडात ओंटारिओमध्ये बनते. नेमाला अनेकदा रूगरच्या साध्या नळीइतकी, कधी सरसही असते. पण गोळ्यांच्या बाबतीत नखरे फार. एका ब्रँडवर विनातक्रार चालते, दुसऱ्यावर दर मॅगझिनला अडकते. मॅगझिनची पत्र्याची कड जरा वाकली की तेच.

मार्लिन मॉडेल ६० ची गोष्ट वेगळी. १९६० पासून बनत होती, गोळ्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत भरायच्या, नेम उत्तम. मार्लिनची मूळ मालक कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर २०२० मध्ये रूगरनेच मार्लिन विकत घेतली, आणि मॉडेल ६० नवी मिळत नाही. वापरलेली शंभर-दीडशेला पॉन शॉपमध्ये दिसते. घ्यायची असेल तर दोन गोष्टी बघा. ॲक्शनच्या, म्हणजे आतल्या यंत्रणेच्या, मागच्या टोकाला धक्का झेलणारा प्लॅस्टिकचा बफर असतो, तो जुना झाला की तडकतो. दुकानदाराला दस्ता काढून दाखवायला सांगा, बदलायचा भाग स्वस्त आहे, पण तडकलेल्यावर चालवत राहिलात तर पुढचं नुकसान महाग. दुसरं, मागे जाणारी स्प्रिंग वाकडी झालेली असेल तर गोळ्या अडकतात. आणि भरताना हात नळीच्या तोंडाजवळ जातो, हे नवशिक्याच्या रायफलीत मला पटत नाही. न्यू जर्सीत असाल तर जुन्या मॉडेल ६० पासून लांबच राहा. सतरा गोळ्या मावणाऱ्या नळीमुळे ती तिथे 'असॉल्ट फायरआर्म' ठरून लोकांवर खटले झालेले आहेत.

स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ या यादीत महाग, पण पुढे एआर घ्यायचीच हे ठरलं असेल तर विचार करावी अशी. सेफ्टी, मॅगझिनचं बटण, बोल्ट सोडायची पट्टी, सगळं एआरच्याच जागी. शेवटच्या गोळीला बोल्ट मागे थांबतो. पण सगळं अंग पॉलिमरचं, आणि पाचशेचं बजेट रायफलीतच संपत येतं. न्यूयॉर्कमध्ये नेहमीच्या रूपात चालत नाही.

गोळ्या निवडताना अशी चूक होते की आधी पाचशेचा डबा घेतला जातो आणि मग कळतं रायफलीला तो मानवत नाही. आधी चार प्रकारची पन्नास-पन्नासची किंवा शंभराची पाकिटं घ्या. सीसीआय मिनी-मॅग, ४० ग्रेन, १,२३५ फूट प्रतिसेकंद, ही कसोटीची गोळी. तिच्यावरही रायफल अडकत असेल तर दोष रायफलीत किंवा मॅगझिनमध्ये आहे. सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी, १,०७० फूट, बहुतेक १०/२२ मध्ये चालते आणि पुंजका घट्ट देते. फेडरल ऑटोमॅच ३२५ च्या खोक्यात येते, रोजच्या सरावाला बरी. रेमिंग्टनची सोनेरी ढोबळ गोळी स्वस्त असते, पण तिच्यात फुसके बार जास्त निघतात. सीसीआय क्वाएट ७१० फुटांची आहे, ती सेमी-ऑटोत बोल्ट पुरता मागे ढकलत नाही, घेऊ नका. .२२ मध्ये फुसका बार निघायचं कारण काडतुसाच्या घडणीत आहे. पेट घेणारं द्रव्य रिमच्या आत गोल फिरवून बसवलेलं असतं, एखाद्या जागी ते पोचलेलं नसतं, आणि नेमकी तिथेच पिन आदळते. अशी गोळी तीस सेकंदांनी काढून रेंजवरच्या डब्यात टाका.

एक आवाज मात्र ओळखायला शिका. नेहमीच्या 'टाक'ऐवजी दबका 'पुस्स' झाला आणि कागदावर भोक पडलं नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. दुसरी मारायची नाही. मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, नळीतून उजेड दिसतो का ते बघायचं. नाही दिसला तर त्या दिवसापुरतं आवरायचं आणि रेंज ऑफिसरला सांगायचं.

टरफल बोल्टमध्ये उभं अडकत असेल तर या क्रमाने बघा. गोळी कमजोर आहे का. मॅगझिन खटकन बसलंय का. पहिली गोळी भरताना बोल्टचा दांडा हातात धरून हळूच पुढे नेलात का. तो मागे ओढून सोडून द्यायचा असतो, सोबत न्यायचा नसतो. मग कोठी आणि टरफल ओढणारा आकडा, त्याच्याखाली मेण, शिसं आणि काजळी यांचा थर बसतो. जुन्या टूथब्रशने दोन मिनिटांत निघतो.

साफसफाईसाठी रायफल उघडायची तर मॅगझिन काढा, कोठी रिकामी आहे हे दोनदा बघा. लाकडी मॉडेलचा पुढचा पट्टा सैल करून सरकवा, मग मॅगझिनच्या जागेच्या पुढचा एकच स्क्रू काढा. सेफ्टीचं बटण अर्ध्यावर, मधोमध आणल्याशिवाय ॲक्शन दस्त्यातून निघत नाही. इथे जोर लावणारे लाकूड फोडून बसतात. बाहेर आल्यावर दोन पिना ढकलल्या की ट्रिगरचा संच सुटतो. तिसरी जाड पिन, बोल्ट जिच्यावर येऊन आदळतो ती, आपोआप घरंगळून खाली पडते, म्हणून हे काम गालिच्यावर करू नका. परत बसवताना हॅमर मागे चढवलेला असला पाहिजे. नळी मागून साफ करायला रिसीव्हरला भोक नाही, त्यामुळे कठीण सळईऐवजी दोरीचा बोअर स्नेक कोठीकडून तोंडाकडे ओढा. नळी दर वेळी घासायची गरज नाही, बोल्टचं तोंड आणि कोठी मात्र दोन-तीनशे गोळ्यांनी बघत जा. तेल दोन थेंब, जास्त नाही. रिकाम्या रायफलीचा चाप ओढून घरी सराव केलेला १०/२२ ला चालतो, रूगर स्वतः तसं सांगते. बाकीच्या रायफलींवर करण्याआधी त्यांची पुस्तिका बघा, कोठीची कड ठेचली जाऊ शकते.

हिशेब असा बसतो. रायफल करासकट तीनशेच्या आसपास, सवलतीत त्याहून खाली. जादा दोन मॅगझिन ४०. कानांची कव्हरं आणि चष्मा ५०. हजार गोळ्या ८०. बोअर स्नेक आणि तेल २०. झाले ४९०, आणि खोक्यात येणाऱ्या केबलच्या कुलपाखेरीज कपाटाला पैसे उरत नाहीत. घरात मुलं असतील तर दोन मॅगझिन कमी करा आणि कुलपाचं पातळ स्टीलचं कपाट आधी घ्या. गोळ्या वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात.

शिकायला प्रोजेक्ट ॲपलसीडची दोन दिवसांची शिबिरं देशभर होतात, २५ यार्डांवर, आणि तिथे १०/२२ ही जवळजवळ ठरलेली रायफल आहे. खांद्याच्या पट्ट्याचा वापर तिथेच शिकवतात, म्हणून दस्त्याला पट्ट्याच्या कड्या आहेत का ते घेतानाच बघा. नसतील तर बसवून घ्या. चारेकशे गोळ्या लागतील. शिबिरात किंवा रेंजवर खाण्याचा डबा उघडण्याआधी हात साबणाने आणि थंड पाण्याने धुवा. .२२ च्या गोळीत आणि तिच्या धुरात, दोन्हीकडे शिसं असतं, ते बोटांवरून पोळीवर जातं.

आणि रेंजला नेता ती बॅग भारतात जाताना कधीही वापरू नका. .२२ चं काडतूस पेनाच्या टोपणाएवढं असतं, शिवणीत किंवा बाजूच्या कप्प्यात जाऊन बसतं आणि बॅग झटकूनही पडत नाही. मुंबई किंवा दिल्ली विमानतळाच्या एक्स-रेमध्ये ते दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, 'राहून गेलं होतं' हे पुढे कोर्टात सांगावं लागतं. रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घ्या आणि गॅरेजमध्येच ठेवा.